मॅटलॅबचे प्रोग्राम समजतात, पण नवे उदाहरण आले की सुरुवात सुचत नाही

प्रश्न

मी रसायन अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रात्यक्षिकांत आम्हाला मॅटलॅब या गणिती आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरवर प्रोग्राम लिहावे लागतात. जर्नलमध्ये उतरवलेले प्रोग्राम चालतात आणि त्यांतील प्रत्येक ओळीचा अर्थही मला सांगता येतो. मात्र टाकीच्या तळाला छिद्र असेल तर ती रिकामी व्हायला किती वेळ लागेल, असे नवे उदाहरण सरांनी दिले की रिकामी फाइल उघडून मी नुसता बसून राहतो. आधी सी किंवा पायथन नीट शिकून मग इकडे वळावे का? घरच्या संगणकावर मॅटलॅबचा परवाना नसल्यामुळे सरावही प्रयोगशाळेच्या तासापुरताच होतो.

पहिले उत्तर

दुसरी भाषा शिकल्याने ही अडचण सुटेल असे मला वाटत नाही, कारण तुम्ही अडता ते प्रोग्राम लिहिण्याच्या आधीच्या पायरीवर. क्लीव्ह मोलर यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस न्यू मेक्सिको विद्यापीठात मॅटलॅब तयार केले, ते विद्यार्थ्यांना फोर्ट्रान या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत न लिहिता मॅट्रिक्सची गणिते करता यावीत यासाठी. तेव्हा सुरुवात उदाहरणापासूनच करावी.

टाकीचा तळ १ चौरस मीटर, पाण्याची उंची १ मीटर आणि छिद्र १० चौरस सेंटिमीटर धरा. विसर्ग गुणांक (छिद्रातून प्रत्यक्ष आणि सैद्धांतिक प्रवाह यांचे गुणोत्तर) सोयीसाठी १ घ्या. बाहेर पडणाऱ्या पाण्याचा वेग म्हणजे २ × ९.८१ × उंची याचे वर्गमूळ; त्यामुळे सुरुवातीला पाणी सेकंदाला सुमारे ४.४३ मीटर वेगाने बाहेर पडते आणि छिद्र तळाच्या एक हजारांश असल्यामुळे पातळी सेकंदाला ४.४३ मिलिमीटर उतरते. म्हणजे पहिल्या १० सेकंदांत ती साधारण ४४ मिलिमीटर खाली येईल. आता नव्या उंचीवरून नवा वेग काढा आणि पुढचे १० सेकंद मोजा. अशा तीन-चार ओळी वहीत हाताने सोडवल्या की प्रत्येक वेळी काय बदलते आणि काय तसेच राहते, हे आपोआप दिसते. जे तसेच राहते ते लूपच्या (त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणाऱ्या भागाच्या) आधी लिहायचे, जे बदलते ते लूपच्या आत. याच उदाहरणाचे सूत्राने येणारे उत्तर सुमारे ४५१.५ सेकंद आहे. ते शेजारी लिहून ठेवा, म्हणजे प्रोग्राम तपासायला आधार राहील.

दुसरे उत्तर

परवान्यासाठी अडून राहू नका. ऑक्टेव्ह हे मॅटलॅबसारखेच सॉफ्टवेअर मोफत आहे आणि जर्नलमधले बहुतेक प्रोग्राम त्यात जसेच्या तसे चालतील. विशेष म्हणजे ते मुळात रासायनिक अभिक्रियापात्रांच्या रचनेवरील पाठ्यपुस्तकाला जोड म्हणून योजले गेले आणि जॉन ईटन यांनी १९९२ मध्ये ते प्रत्यक्ष लिहायला घेतले. फोर्ट्रानमधल्या चुका शोधण्यातच विद्यार्थ्यांचा वेळ जातो आणि मूळ विषय बाजूला राहतो, ही त्यामागची तक्रार होती. सायलॅब हे अशाच प्रकारचे सॉफ्टवेअरही मोफत आहे, परंतु त्याची लिहिण्याची पद्धत काही ठिकाणी वेगळी असल्याने तुम्हाला ऑक्टेव्ह अधिक सोयीचे पडेल. आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प अशा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रसार करतो. त्याचे साहित्य जरूर पाहावे.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. वहीत चार ओळी सोडवल्यावर प्रोग्राम खरोखरच सरळ लिहिता आला. सूत्राचे उत्तर ४५१.५ असल्यामुळे १० सेकंदांच्या टप्प्यांचा फॉर लूप ५० वेळा फिरवला. पहिल्या ओळी वहीशी तंतोतंत जुळतात, परंतु शेवटच्या काही ओळींत उंचीच्या पुढे 'आय' असलेल्या काल्पनिक संख्या येतात आणि टाकीही ४५१.५ सेकंदांच्या आधीच रिकामी होते. कोठेही चूक दाखवणारा संदेश मात्र आलेला नाही.

पहिले उत्तर देणाऱ्याचा प्रतिसाद

टाकी लवकर रिकामी होते, कारण टप्प्याच्या सुरुवातीचा वेग तुम्ही पूर्ण १० सेकंद कायम धरता, तर प्रत्यक्षात तो सतत कमी होत असतो. टप्पा १ सेकंदाचा केलात की तफावत बरीच घटेल; दोन्ही आलेख एकावर एक काढून पाहा.

काल्पनिक संख्यांचे कारण निराळे आहे. शेवटी पाणी इतके थोडे उरते की एका टप्प्यात उंची शून्याखाली जाते, आणि ऋण संख्येचे वर्गमूळ मागितले तर मॅटलॅब आणि ऑक्टेव्ह न थांबता काल्पनिक उत्तर देतात. गणिती दृष्ट्या त्यात काही चूक नसते, पण टाकीच्या दृष्टीने ते उत्तर निरर्थक असते आणि ती अट सॉफ्टवेअरला तुम्हीच सांगायची असते. फॉर ऐवजी व्हाइल लूप घेऊन उंची शून्यापेक्षा जास्त असेपर्यंतच तो फिरू द्या. पुढे ओडीई४५ हे विकलक समीकरणे सोडवणारे तयार फंक्शन वापराल तेव्हाही हे लक्षात असू द्या, कारण ते फंक्शनही अंदाज घेताना शून्याच्या पलीकडची उंची तपासू शकते. म्हणून वर्गमूळ घेण्यापूर्वी ऋण उंचीच्या जागी शून्य धरण्याची सोय तुम्ही त्याला देता त्या समीकरणाच्या फंक्शनमध्येच करून ठेवावी.