मदत हवी आहे: केअरगिव्हरची जॉब ऑफर बदलायची आहे (कॅनडा)

नमस्कार मंडळी, आईच्या देखभालीसाठी इथेच वर्क परमिटवर असलेल्या नाशिकच्या एका ताईंना जॉब ऑफर दिली होती. 31 मार्च 2025 ला होम केअर वर्कर पायलट (घरी देखभाल करणाऱ्यांना कॅनडात स्थायिक होऊ देणारी सरकारी योजना) सुरू झालं, त्याच दिवशी त्यांनी पीआरचा (कायम वास्तव्याचा) अर्ज भरला. आता आम्ही मिसिसागाहून (ओंटारिओ प्रांत) कॅलगरीला (अल्बर्टा प्रांत) आलोय. त्यात आई पडली, त्यामुळे आठवड्याचे 30 तास पुरत नाहीत, 40 करायचेत. तासाचा दरही अल्बर्टाच्या मीडियन (मध्यक) वेतनाप्रमाणे बदलावा लागेल ना? ऑफरचा फॉर्म नव्याने सही करून आयआरसीसीच्या (कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याच्या) वेबफॉर्मवरून पाठवायचा, की नुसतं स्पष्टीकरणाचं पत्र पुरे? अर्ज ताईंचा, म्हणजे पाठवायचंही त्यांनीच, असं मी धरून चाललोय. इमिग्रेशन सल्लागार फोन उचलत नाही (फी मात्र आगाऊ घेतली!). कोणी यातून गेलंय का?