जेट बोटीचं डावं इंजिन तापतंय, उजवं ठीक. हेड खोलावं का?

संगमघाट

राम राम मंडळी. चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर आमची दोन इंजिनांची जेट बोट आहे (खालून पाणी ओढून मागे जोरात फेकते, त्या ढकलीने पुढे जाते), भाविकांना संगमाची फेरी मारून आणतो. कोकणातून जुनीच आणली. पाण्याखाली पंखा फिरणारी बोट इथे चालत नाही. हतनूरचं पाणी उतरलं की फुगवट्यात खडक वर येतात आणि मासेमारीची जाळी जागोजागी असतात.

अडचण अशी. डाव्या इंजिनाचा टेंपरेचरचा अलार्म वाजतो. रिकामी बोट हळू चालवली तर काही नाही. माणसं बसली आणि 5000 आरपीएमच्या पुढे गेलो की काही मिनिटांत अलार्म, आणि इंजिन आपोआप आरपीएम खाली आणतं. उजवं इंजिन त्याच उन्हात, त्याच पाण्यात निवांत चालतं. बोटीच्या बाजूच्या भोकातून थंड करून आलेलं पाणी पडतं ना, ती डावीकडची धार आधी करंगळीएवढी जाड होती, आता जेमतेम ठिबकते.

एका वर्कशॉपवाल्याने सेन्सर बदलून दिला, फरक शून्य. आता तो म्हणतो हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, खोलू. माघ वद्य एकादशीपासून महाशिवरात्रीपर्यंत मुक्ताई-चांगदेवची यात्रा. तेव्हा बोट उभी राहिली तर वर्षाचं गणित बसणार नाही, आणि म्हाताऱ्या माणसांना घेऊन मधेच बंद पडली तर ते त्याहून वाईट. काय करू?

रावेरचा केळीवाला

भाऊ, बोटीतलं मला कळत नाही, पण पाणी अडतंय म्हणजे आत क्षार बसले असणार. आम्ही ठिबकच्या नळ्यांत अॅसिड सोडतो, मग नळी मोकळी होते. तसं करून पाहा.

फैजपूरचा मिस्त्री

केळीवाले दादा, तुमची तळमळ समजते, पण हे अजिबात करू नका. ठिबकची नळी प्लॅस्टिकची. या इंजिनाचा ब्लॉक अॅल्युमिनियमचा असतो, ते अॅसिड त्याला खाऊन टाकेल.

संगमघाट भाऊ, हेडला अजून हात लावू नकोस. मी बंदरावर बरीच वर्षं जेट बोटींची कामं केलीत, आता गावी मोटारी बांधतो. हेड खोललेली आणि दोष पंपात निघालेली इंजिनं पुष्कळ पाहिली. पाणी दोघांना एकच, ऊन एकच, आणि धार फक्त डावीकडची मंदावली. म्हणजे डाव्याच्या पाण्याच्या वाटेत अडथळा आहे. ती वाट नीट समजून घे.

जेट बोटीत इंजिनाला पाणी पाजायला बहुतेक वेळा वेगळा पंप नसतोच. जो जेट पंप बोट ढकलतो, त्याच्या दाबाच्या बाजूला एक बारीक तोंड असतं. तिथून पाणी पाइपाने इंजिनात जातं, ब्लॉक आणि एक्झॉस्टच्या (धुराच्या वाटेच्या) भोवतीच्या पोकळीत, म्हणजे जॅकेटमध्ये, फिरतं आणि बाहेर पडतं. कूलंटवालं इंजिन असलं तरी एक्झॉस्टला नदीचंच पाणी लागतं. पंपाचा दाब कमी झाला की इंजिन उपाशी राहतं. हळू चालवताना उष्णताच कमी, म्हणून तेव्हा निभावतं.

आता दोष पंपाकडे की इंजिनाकडे, हे घरच्या नळावर कळतं. बोट ट्रेलरवर घे. फ्लश करायच्या, म्हणजे इंजिन आतून धुवायच्या, तोंडाला नळी जोड. आधी इंजिन चालू, मग लगेच पाणी. बंद करताना आधी पाणी बंद, मग इंजिन. उलटं केलंस तर पाणी एक्झॉस्टमध्ये साचून सिलिंडरमध्ये शिरतं आणि खरोखरच हेड खोलावं लागतं. पाण्याविना इंजिन 15 सेकंदांच्या वर ठेवू नकोस. नळाचं पाणी पंपाला वगळून थेट इंजिनात जातं. तरीही डावीकडची धार बारीक राहिली तर गाळ इंजिनाच्या आत आहे. दोन्ही धारा सारख्या पडल्या तर इंजिन मोकळं आहे, पंप बघ.

दोन्ही इंजिनांना नळी आणि नळाचा दाब तोच ठेव, नाहीतर तुलना फसेल.

प्रकाशेकर

आमच्याकडे तापीच्या बॅरेजमध्ये हाच त्रास होतो. मिस्त्रींच्या बोलण्यात एक भर घालतो. जलपर्णी किंवा जाळं अडकलं की पुष्कळ जण रिव्हर्स टाकतात. जेटमध्ये त्याने काही निघत नाही. रिव्हर्सला फक्त मागची बादली खाली येते आणि बाहेर पडणारं पाणी पुढे वळतं, पंप मात्र खालून पाणी ओढतच असतो, कचरा आणखी आवळला जातो. दोन्ही इंजिनं बंद करा, बोट डावी-उजवी हलवा, सैल कचरा आपोआप खाली पडतो. हात घालायचाच असेल तर आधी मनगटाला बांधतो ती इंजिन बंद पाडणारी दोरी काढून खिशात ठेवा.

संगमघाट

मिस्त्री काका, नळावर पाहिलं. दोन्ही धारा अगदी सारख्या! मग बोटीच्या बुडाला पाणी ओढायच्या तोंडावरची जाळी काढली. डाव्या शाफ्टला नायलॉनच्या जाळ्याचा दोरा इतका घट्ट गुंडाळला होता की करवतीच्या पात्याने कापून काढावा लागला. पंपावरच्या त्या बारीक तोंडाला एक छोटी गाळणी आहे, ती काळ्या गाळाने लिंपलेली, मधे शिंपल्यांचे तुकडे. पूर्णेचा गाळ तो, बोटांना चिकटला की साबणानेही लवकर जात नाही.

साफ करून पाण्यात उतरवली. अलार्म गेला, धार परत जाड झाली. पण पूर्ण लोडवर डाव्याचे आरपीएम नुसते वर जातात, बोट तेवढी उचलत नाही, टेंपरेचरचा काटाही उजव्यापेक्षा थोडा वरच राहतो. हे कशाने?

फैजपूरचा मिस्त्री

छान केलंस. आरपीएम वाढतात आणि ढकल मिळत नाही, म्हणजे वेअर रिंग झिजली. इम्पेलरच्या, म्हणजे पंपातल्या फिरत्या पात्यांच्या, भोवतीची ती कडी. उथळ पाण्यात वाळू ओढली गेली की तिच्यावर घासून ओरखडे पडतात, फट वाढते, पाणी फटीतून मागे सरकतं. दाब घटला की तुझ्या कूलिंगलाही पाणी कमी, म्हणून काटा वर. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घेऊन पात्यांच्या टोकापाशी चारी बाजूंनी मोज. नव्या पंपात साधारण 0.3 मिलीमीटर असतं; 0.6 च्या वर गेलं असेल तर रिंग बदलच. इम्पेलरच्या पात्याची पुढची धारही नखाने चाचप. वाकली, तुटली असेल तर नुसती रिंग घालून भागणार नाही. उजव्याचीही फट त्याच वेळी मोज.

आणखी एक. एक्झॉस्टचा रबरी पाइप तपास. पाणी कमी मिळालं की तो आतून करपतो, बाहेरून चांगला दिसतो. दाबून बघ, कडक किंवा फुगीर लागला तर यात्रेच्या आधी बदल. तो फुटला तर गरम धूर आणि पाणी इंजिनाच्या खोलीत येतं.

आणि फ्लश बोअरच्या पाण्याने नको. आपल्याकडचं बोअर जड, क्षार आत बसतात. टाकीत साठवलेलं नळाचं पाणी वापर, आणि बोट काठाला लागली की त्याच संध्याकाळी. गाळ ओला असतानाच निघतो. एकदा वाळला की कळण्याची भाकर तव्याला करपावी तसा जॅकेटला धरतो.

रिंग बसवल्यावर पहिली फेरी माणसांशिवाय मार. पाण्याचे कॅन भरून वजन कर, पूर्ण वेगाने 10 मिनिटं चालव आणि दोन्ही काटे किती वर जातात ते इथे लिही.