मदत हवी आहे: भाऊ पिऊन गाडी चालवत घरी येतो, थांबवायचं कसं?

आसोळण्याची_झाडं (रात्री ११:३८)
लवकर सांगा, प्लीज. भाऊ दारू पिऊन गाडी चालवत येतो. रोज नाही, पण आठवड्यातून तीन-चार वेळा. परवा अस्नोड्याच्या पुढे गटारात गेला. हात सोलवटला, बाकी वाचला. समजावलं, रडले, भांडले, शपथ घातली. आता एवढंच विचारते: पोलिसांना सांगून त्याची गाडी काढून घेता येते का? केस नको. फक्त गाडी.

मुळगाव_नाका (११:४१)
कुठून कुठे येतो? किती वाजता? गाडी म्हणजे चारचाकी की स्कूटर? काहीच लिहिलं नाही, कसं सांगणार?

आसोळण्याची_झाडं (११:४३)
स्कूटर. कळंगुटहून डिचोलीला. ड्युटी एक वाजता सुटते. आजही तसाच येणार, म्हणून तर घाई आहे.

रात्रपाळी (११:४७)
हॉटेल लाइनमध्ये आहे ना? मी आठ वर्षं काढली तिथे. क्लोजिंग झालं की स्टाफ मागे बसतो. दिवसभर उभं राहून पाय भरलेले असतात, एक-एक म्हणत तीन होतात. नंतर म्हापसा, थिवी, अस्नोडा करत पाऊण-एक तास अंधारात. त्या वेळी कदंबची बस नाही, पायलट (मोटरसायकल टॅक्सीवाला) नाही. त्याच्या मालकाशी बोला, स्टाफला झोपायला रूम मिळते का विचारा. मला ती मिळाली म्हणून मी आज आहे. माझ्याबरोबरचा एक मुलगा राहिला नाही.

काजूबाग (११:४९)
निघण्याआधी लिंबूपाणी आणि कडक काळी कॉफी घ्यायला सांगा. आमच्याकडे हुर्राकच्या (काजूच्या दारूच्या) दिवसांत सगळे तेच करतात. अर्ध्या तासात उतरते.

कॅज्युअल्टी_ड्युटी (११:५२)
उतरत नाही. कृपा करून हे कुणाला सांगू नका. कॉफीने झोप जाते, रक्तातली दारू तिथेच राहते. शरीर ती तासाला साधारण १५ मिलिग्रॅम (१०० मिलिलिटर रक्तामागे) याच गतीने कमी करतं, लिंबू प्या की आंघोळ करा. कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. एकला चांगली चढलेली असेल तर पहाटेपर्यंत तो मर्यादेच्या वरच राहू शकतो. बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात रात्री आलेली अशी मुलं मी पाहिली आहेत. शुद्धीत आल्यावर पहिलं वाक्य हेच असायचं, 'मी ठीक होतो'.

पर्वरी_पूल (११:५५)
चलन ऑनलाइन भरता येतं. परिवहनच्या साइटवर गाडीचा नंबर टाका, लगेच दिसतं.

मुळगाव_नाका (११:५६)
चलनाचं कुणी विचारलंच नाही हो.
ताई, ११२ ला फोन करा. वेळ आणि रस्ता सांगा, नाक्यावर थांबवतील. सापडला तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८५, पिऊन गाडी चालवल्याचं. पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तुम्हाला हवी तशी 'केस नको, फक्त गाडी' अशी सोय त्यात नाही.

सातेरीचं_गाऱ्हाणं (रात्री १२:००)
सख्ख्या भावाला पोलिसांत देणार? आमच्या भावोजींची पंधरा वर्षांची दारू देवळात गाऱ्हाणं घालून सुटली. नारळ ठेवा, घरच्यांसमोर शब्द द्यायला लावा.

मुळगाव_नाका (१२:०२)
शपथ घालून झाली आहे, तिने वर लिहिलंय. वाचा तरी. आणि समोरून येणारा कुणाचा भाऊ नाही का?

किनारपट्टी (१२:०५)
खरा प्रश्न पर्यटकांचा. भाड्याच्या गाड्या घेऊन पिऊन फिरतात, पोलीस सोडतात, आणि पकडतात आमच्या पोरांना. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बाणास्तरी पुलावर अपघातात तिघे गेले, त्यानंतर चार दिवस नाकाबंदी. बारवाल्यांनी गिऱ्हाइकाला घरी पोचवावं असंही सरकारने तेव्हा सांगितलं. कोण पोचवतो?

रात्रपाळी (१२:०८)
बाणास्तरीची गाडी पर्यटकाची नव्हती. आपलीच माणसं होती, दोन्हीकडे. हे पर्यटकांवर ढकलून आपण किती वर्षं काढणार?

किनारपट्टी (१२:१०)
मग टॅक्सीचं बोला. ओला-उबर येऊ देत नाहीत. २०१८ पासून गोवामाइल्सचं टॅक्सी ॲप आहे, पण रात्री एकला डिचोलीला कोण येतं? आणि भाडं वेटरच्या पगारात बसतं का?

मुळगाव_नाका (१२:११)
टॅक्सीसाठी वेगळा धागा काढा. ताई, स्कूटर कुणाच्या नावावर आहे? लायसन्स आहे ना त्याच्याकडे?

आसोळण्याची_झाडं (१२:१३)
माझ्याच नावावर. मी कामाला लागले तेव्हा घेतलेली. लायसन्सचं लर्निंग काढलं होतं, पुढे टेस्टला गेलाच नाही. त्याचा काय संबंध?

मुळगाव_नाका (१२:१७)
सगळा संबंध त्याचाच आहे. हे आधी सांगायला हवं होतं.
लायसन्स नसलेल्याला गाडी दिली म्हणून कलम १८० खाली मालकावर, म्हणजे तुमच्यावर, वेगळा गुन्हा होतो: ५,००० रुपये दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. त्याने कुणाला उडवलं तर विमा कंपनी जखमीला भरपाई देऊन ती रक्कम तुमच्याकडून वसूल करू शकते. पण गाडी तुमचीच असल्यामुळे ती काढून घ्यायला पोलीस लागत नाहीत. किल्ली तुमची.

कॅज्युअल्टी_ड्युटी (१२:१९)
ताई, आत्ता फोन करा त्याला. एक वाजायचा आहे. ओरडू नका, 'तिथेच झोप' एवढंच सांगा. पुढचं उद्या. आठवड्यातून चार वेळा म्हणजे नुसती सवय राहिलेली नाही. बांबोळीच्या मनोरुग्णालयात, आयपीएचबीत, दारूसाठी उपचार होतात. वेड्यांचं म्हणून घरचे नाही म्हणतील, तरी न्या.

सातेरीचं_गाऱ्हाणं (१२:२४)
मी शपथेचं वरचं वाचलं नव्हतं, चुकलं. पण एकटीने करू नका. आईला सांगितलंय का?

आसोळण्याची_झाडं (१२:५१)
नाही. आईला ब्लड प्रेशर आहे. गटारात गेला तेव्हाही मांजर आडवं आलं म्हणून सांगितलं.
फोन उचलला. आवाजावरून घेतलेली वाटली. मी म्हटलं, गाडी माझी आहे, आज तू ती चालवायची नाहीस. आधी चिडला, मग गप्प झाला. मागे कुणीतरी 'इथेच झोप रे' म्हणताना ऐकू आलं. किल्ली त्या मुलाकडे दे म्हटलं, तर दिली, असं तो मुलगाच फोनवर बोलला. सकाळी पहिल्या बसने मी स्वतः जाऊन स्कूटर आणणार.
पण मग तो कामावर जाणार कसा? नोकरी सुटली तर घर चालायचं नाही.

रात्रपाळी (१२:५५)
सकाळी तिथे गेलात की मॅनेजरला रूमचं विचाराच. सीझनला माणसं मिळत नाहीत, ते ऐकतील. कळंगुटला कुठल्या भागात आहे? माझी ओळख असेल तर मीही फोन करतो.

पर्वरी_पूल (१२:५८)
आणि लायसन्सची टेस्ट द्यायला लावा, लर्निंगची मुदत सहाच महिने असते. नव्याने काढावं लागेल.