मदत हवी आहे: विषाणू पेशीचं पटल पांघरून बाहेर पडतो, मग पेशीला भोक का पडत नाही?

राजारामपुरीत अकरावी-बारावीची जीवशास्त्राची शिकवणी घेते. काल आवरण असलेले विषाणू घेतले. साबणाने फ्लू आणि करोनाच्या विषाणूंचं स्निग्ध आवरण विरघळतं, पोलिओच्या विषाणूला असं आवरणच नाही, इथपर्यंत गाडी व्यवस्थित. मग सांगितलं, की हे आवरण मुळात पेशीचंच असतं, बाहेर पडताना विषाणू त्यात गुंडाळून निघतो. मागच्या बाकावरून एक पोरगी म्हणाली, "मॅडम, चादरीचा तुकडा फाडून नेला तर भोक राहणारच की. मग पेशी फुटत का न्हाई?"

तास संपला म्हणून सुटले.

आत शिरणं मला समजावता येतं. फ्लूचा विषाणू पेशीवरच्या सायलिक आम्लाला चिकटतो, पेशी त्याला पिशवीत घेऊन आत ओढते, पिशवीतला सामू (pH) ५ च्या आसपास उतरला, म्हणजे आत आंबट झालं, की त्याच्या पृष्ठभागावरच्या हिमॅग्लुटिनिन या प्रथिनाचा आकार पालटतो आणि दोन पटलं एक होतात. एचआयव्हीला तो आंबटपणा लागत नाही, पेशीवरची सीडी४ आणि सोबत सीसीआर५ किंवा सीएक्ससीआर४ ही प्रथिनं भेटली की झालं. घोडं अडतंय ते बाहेर पडण्यावर. उद्या संध्याकाळी परत तास आहे. पोरांना पटेल असं सांगा.

कट_जास्त_द्या: चादर सोडा, रस्सा घ्या. तांबड्या रश्श्यावरचा तवंग चमच्याने थोडा उचला. भोक राहतं का? लगेच मिटतं. पटलही तसंच वाहतं असतं म्हणे. (मी मेकॅनिकलवाला, पुढचं विचारू नका.)

पंचगंगाकाठ: वाहतं हे बरोबर, पण तवंग आधी तुटतो आणि मग मिटतो. इथे मधे उघडी फट पडतच नाही. डेअरीत दुधाच्या पिशव्या भरताना बघितलंय का? प्लास्टिकची लांब नळी खाली येते, यंत्र ती चिमटून चिकटवतं आणि चिकटलेल्या जागीच कापतं. खालची पिशवी बंद, वरची नळीही बंद, दूध सांडत नाही. विषाणूचं तसंच. पटलाला बाहेरच्या बाजूने फुगवटा येतो, त्याची मान बारीक होत जाते, मानेच्या भिंती आधी जुळतात आणि मग तो सुटतो.

ही मान कोण तोडतं ते मुलांना जरूर सांगा, मजेशीर आहे. एचआयव्ही पेशीचीच एस्कर्ट नावाची यंत्रणा वापरतो. पेशीविभाजनात दोन पेशींमधला शेवटचा धागा तोडायला हीच यंत्रणा येते. फ्लू तिच्यावर अवलंबून नाही, त्याचं स्वतःचं एम२ प्रथिन ते काम करतं.

आता हिशोब. विषाणू १०० नॅनोमीटरचा आणि पेशी १० मायक्रोमीटरची गोल धरा. व्यास १०० पट, म्हणजे पृष्ठभाग १०,००० पट. एक विषाणू दहाहजारावा हिस्सा नेतो, आणि पेशी नवं पटल बनवत असतेच. फ्लूची लागण झालेली पेशी शेवटी मरते हे खरं, पण भोकं पडून नाही. तिचा कारभारच विषाणूने ताब्यात घेतलेला असतो, आणि बऱ्याचदा ती स्वतःच स्वतःला संपवते.

आणि करोना बाहेरच्या पटलाला हातच लावत नाही. तो पेशीच्या आतल्या कप्प्यांत आवरण घेतो आणि पिशवीत बसून बाहेर येतो. तिथे चादरीचा प्रश्नच नाही.

धागाकर्ती: दुधाची पिशवी उद्या फळ्यावर! मनापासून आभार. तेवढ्यात मलाच एक शंका. सुटलेला फ्लूचा विषाणू त्याच पेशीच्या सायलिक आम्लाला परत चिकटून बसत नाही का?

पंचगंगाकाठ: बसतो ना! म्हणून तर त्याच्याकडे न्युरामिनिडेज ही कात्री आहे, ती सायलिक आम्ल छाटते. ओसेल्टामिविर हे फ्लूवरचं औषध ही कात्रीच अडवतं, मग नवे विषाणू गठ्ठ्याने दारातच चिकटून राहतात. त्यामुळे ते औषध लवकर, शक्यतो लक्षणं दिसल्यापासून ४८ तासांत सुरू करायचं असतं. सगळे बाहेर पसरून गेल्यावर दारात कोणाला अडवणार?