ऐझॉलने लीग जिंकली, तरी अव्वल लीगचे दार का उघडले नाही?

पंचगंगाकाठ यांचा प्रश्न:

२०१६-१७ च्या हंगामात मिझोरामच्या ऐझॉल एफसीने आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशाची अव्वल फुटबॉल लीग, जिंकली. २०११ च्या जनगणनेनुसार ज्या राज्याची लोकसंख्या जेमतेम ११ लाख आहे, त्या राज्यातील संघाने मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि बेंगळुरू यांना मागे टाकले. त्याच उन्हाळ्यात इंडियन सुपर लीगला, म्हणजे आयएसएलला, देशातील प्रमुख लीगच्या बरोबरीचे स्थान देण्याच्या हालचाली सुरू झाल्या आणि विजेत्या ऐझॉलला त्यात जागा नाही, हे स्पष्ट झाले. क्लबचे मालक रॉबर्ट रॉयटे यांनी तेव्हा आमरण उपोषणाचा इशारा दिल्याचे मला आठवते.

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. नियमांच्या चौकटीत त्यांची मागणी कितपत टिकणारी होती? आणि एवढेसे राज्य मुळात त्या मागणीपर्यंत पोहोचले कसे? हे विचारण्यामागे थोडा स्वार्थही आहे. एकट्या कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या मिझोरामच्या साधारण साडेतीनपट आहे, आमच्या पेठांमधील तालमींचे संघ भिडले की शाहू स्टेडियम भरून जाते, आणि तरीही राष्ट्रीय लीगचा विषय निघाला की आमची चर्चा चहाच्या टपरीच्या पुढे सरकत नाही.

मध्यरेषा यांचे उत्तर:

पहिल्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की कागदावर त्यांची बाजू कमकुवत होती आणि खेळाच्या न्यायाने ती भक्कम होती. भारतीय फुटबॉल महासंघाने डिसेंबर २०१० मध्ये आयएमजी-रिलायन्स या कंपनीशी १५ वर्षांचा, ७०० कोटी रुपयांचा करार केला आणि नवी लीग उभी करण्याचे व्यापारी हक्क त्यातून दिले गेले. २०१४ मध्ये आयएसएल सुरू झाली ती आठ फ्रँचायझींची बंद लीग म्हणून. तेथे प्रवेश बोली लावून मिळत असे. गुणतक्त्यातून वर येण्याची वाटच नव्हती. त्यामुळे ‘आम्ही विजेते आहोत, आम्हाला घ्या’ या मागणीला लागू पडेल असे एकही कलम अस्तित्वात नव्हते. २०१७ मध्ये आशियाई महासंघाच्या संमतीने तोडगा निघाला तो असा, की दोन्ही लीग समांतर चालतील, आय-लीगचा विजेता आशियाई चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत जाईल आणि आयएसएलचा विजेता एएफसी कप या आशियातील दुय्यम स्पर्धेत खेळेल. त्या वर्षी आयएसएलमध्ये दोन नवे संघ आले, बेंगळुरू आणि जमशेदपूर, आणि ते दोघेही बोलीच्या मार्गानेच आले.

परंतु या मोहिमेची खरी सुरुवात २०१७ मध्ये नव्हे तर त्याच्या आदल्या वर्षी झाली, आणि तिचा धागा थेट पुण्याशी जोडलेला आहे, हे आपल्याकडे फारसे कोणी बोलत नाही. २०१५-१६ च्या आय-लीगमध्ये नऊ संघ होते. पुण्याचा डीएसके शिवाजीयन्स हा संघ शेवटचा, म्हणजे नववा आला आणि ऐझॉल आठवा. खालच्या श्रेणीत मात्र ऐझॉलला ढकलण्यात आले, कारण शिवाजीयन्सना कॉर्पोरेट कोट्यातून थेट प्रवेश मिळालेला होता आणि त्या प्रवेशासोबत घसरणीपासूनचे संरक्षणही मिळाले होते. ज्या संघाने दुसरी श्रेणी जिंकून मैदानावर जागा कमावली, तो बाहेर गेला. ज्याने ती पैसे भरून घेतली, तो तळाला असूनही आत राहिला. ऐझॉलमधील संतापाचे मूळ येथे आहे. पुढच्या वर्षीचे उपोषणाचे शब्द टोकाचे वाटतात ते ही पार्श्वभूमी ठाऊक नसल्यामुळे.

त्यानंतर जे घडले त्याला योगायोगच म्हणावे लागेल. आयएसएलला अव्वल लीग करू पाहणाऱ्या महासंघाच्या नव्या आराखड्याचा निषेध म्हणून गोव्याच्या साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब या संघांनी आय-लीग सोडली, दुसरी श्रेणी जिंकून आलेल्या धेंपो क्लबनेही तोच मार्ग धरला, आणि रिकाम्या झालेल्या जागांमुळे ऐझॉलला परत बोलावण्यात आले. ज्या आराखड्याविरुद्ध गोवेकर बाहेर पडले, त्याच आराखड्याने वर्षभरात ऐझॉलचीही वाट अडवली.

डोंगरउतार यांचे उत्तर:

नोकरीनिमित्त मी काही काळ ऐझॉलमध्ये होतो, त्यामुळे आपल्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो.

मिझोरामने आधी क्लब उभा केला आणि मग लीग मागितली, असे झालेले नाही. त्यांनी आधी स्वतःची लीग उभी केली. २०१२ मध्ये मिझोराम प्रीमियर लीग सुरू झाली आणि झोनेट या स्थानिक केबल वाहिनीने तिच्या प्रक्षेपणाचे पैसे मोजले. राज्यापुरत्या लीगला प्रक्षेपणातून उत्पन्न मिळणे ही गोष्ट आपल्याकडे आजही स्वप्नवत आहे. दोन वर्षांत, २०१४ मध्ये, मिझोरामने सिलिगुडीत रेल्वेच्या संघाला ३-० ने हरवून पहिल्यांदाच संतोष ट्रॉफी, म्हणजे राज्यांच्या संघांची राष्ट्रीय स्पर्धा, जिंकली आणि पुढच्या वर्षी ऐझॉल एफसी दुसऱ्या श्रेणीतून वर आला. त्याआधी शायलो मालसॉमत्लुआंगा यांच्यासारखे खेळाडू कोलकात्यात नाव कमावत होते, पण तो एकेकट्याचा प्रवास होता. स्थानिक लीगमुळे घरीच राहून खेळण्यात अर्थ आहे, असे मुलांना पहिल्यांदा वाटू लागले.

डोंगरावरील शहरात सपाट जागा हीच चैन असते. ऐझॉलमधील मुआलपुईचे राजीव गांधी स्टेडियम उतारावर कोरून काढल्यासारखे आहे. मैदान कृत्रिम गवताचे आहे, कारण तिथल्या लांबलेल्या पावसात नैसर्गिक मैदानाचा चिखल व्हायला वेळ लागत नाही. हिवाळ्यात त्या भागात दिवस फार लवकर मावळतो, म्हणून सामना दुपारी दोनच्या सुमारास सुरू होत असे आणि मोठ्या सामन्याच्या दिवशी दुपारनंतर कार्यालयांत कोण जागेवर सापडेल, याची खात्री नसे. रविवारी मात्र सगळे शहर बंद. प्रार्थनेच्या दिवशी स्थानिक लीगचा सामना ठेवण्याचा विचारही कोणी करत नाही. चहाच्या दुकानात टीव्हीसमोर बसलेल्या आजीबाई ऑफसाइडवरून पंचाला बोल लावताना मी पाहिल्या आहेत, आणि बहुतेक वेळा त्यांचेच बरोबर असे.

ताळेबंद यांचे उत्तर:

वरील दोन्ही उत्तरे वाचनीय आहेत, तरी एक बाजू राहून गेली असे मला वाटते. २०१७ मध्ये आयएसएलच्या फ्रँचायझीचे वार्षिक शुल्क १५ कोटींच्या घरात असल्याचे तेव्हाच्या बातम्यांत येत होते. तो खर्च ऐझॉलला पेलणारा नव्हता आणि शुल्क माफ केले असते तर ते भरणाऱ्या बाकीच्यांनी तक्रार केली असती. ईशान्येला प्रतिनिधित्व नव्हते असेही नाही. गुवाहाटीचा नॉर्थईस्ट युनायटेड पहिल्या हंगामापासून आहे. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांनाही २०२० पर्यंत थांबावे लागले, आणि तेही गुंतवणूकदार सोबत घेऊनच आले. उपोषणाच्या इशाऱ्याने सहानुभूती मिळते. ताळेबंद जुळत नाही.

मध्यरेषा:

ताळेबंद यांचा शुल्काचा मुद्दा मला मान्य आहे, प्रतिनिधित्वाचा नाही. गुवाहाटीच्या संघावरून मिझो माणसाने समाधान मानावे, हे म्हणणे मुंबई सिटी आहे म्हणून कोल्हापूरकरांनी गप्प बसावे असे सांगण्यासारखे आहे. शिवाय पैशाने टिकाऊपणा येतो हा युक्तिवादही त्याच काळाने खोटा पाडला. संरक्षण मिळालेला शिवाजीयन्स संघ २०१७ मध्ये बंद झाला. ऐझॉल आजही खेळत आहे.

दार उघडले ते उशिरा. ऑक्टोबर २०१९ मध्ये क्वालालंपूरला झालेल्या बैठकीत असे ठरले की २०२२-२३ पासून आय-लीगचा विजेता, परवान्याच्या अटी पूर्ण केल्यास, शुल्काविना आयएसएलमध्ये जाईल. त्यानुसार २०२३ मध्ये पंजाबचा आणि २०२४ मध्ये मोहम्मेडन स्पोर्टिंगचा संघ वर गेला. ऐझॉलची मागणी याहून वेगळी नव्हती; फक्त ती सहा वर्षे आधी केलेली होती.

पंचगंगाकाठ:

सर्वांचे आभार. शिवाजीयन्सचा संदर्भ मला अजिबात ठाऊक नव्हता. कोल्हापूरपुरता बोध एवढा घेतो की क्लबच्या आधी लीगच्या प्रक्षेपणाचे बघावे लागेल. एक शेवटची शंका आहे. त्या विजेत्या संघात आपल्याकडचे कोणी होते का? आणि तो संघ पुढे एकत्र का राहिला नाही?

डोंगरउतार:

होते. प्रशिक्षक खालिद जमील आय-लीगमधील मुंबई एफसीची अनेक वर्षांची कारकीर्द संपवून तेथे गेले होते, आणि मधल्या फळीत जयेश राणे होता. ज्या हंगामात ऐझॉल विजेता ठरला, त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला राहिला. विजेतेपद ठरवणारा सामना ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगला झाला. सुरुवातीलाच दिपांडा डिकाने यजमान शिलाँग लाजोंग संघाला आघाडी मिळवून दिली होती. उत्तरार्धात विल्यम लालनुनफेलाने बरोबरी साधली आणि १-१ च्या त्या एका गुणावर ऐझॉलचे ३७ गुण झाले. मोहन बागान ३६ वर थांबला.

एकत्र राहणे शक्यच नव्हते. बंद लीगचे संघ आणि कोलकात्याचे क्लब ज्या दराने करार देत होते, तो दर ऐझॉलला परवडणारा नव्हता. काही महिन्यांत खालिद आणि सीरियाचा महमूद अल अमना ईस्ट बंगालकडे गेले, जयेश कोलकात्याच्याच एटीके या आयएसएल संघाकडे गेला, आणि जानेवारी २०१८ मध्ये इराणच्या झोब अहानविरुद्ध आशियाई पात्रता सामना खेळायला उतरलेला, ३-१ ने हरलेला ऐझॉल हा बराचसा नवा संघ होता.