'एलेव्हेटर पिच'ला मराठीत काय म्हणायचं? 'उद्वाहन भाषण' नको आहे

कृष्णाकाठची
भाची अकरावीला आहे, सांगलीत. तिनं बेदाण्याच्या शेडसाठी एक छोटं यंत्र केलंय. शेडमधली हवा दमट व्हायला लागली की मालकाच्या मोबाइलवर मेसेज जातो, ताडपत्र्या सोडायला वेळ मिळतो. आता तिला एका स्पर्धेत बोलायचंय. अर्जात लिहिलंय, 'एलेव्हेटर पिच, मराठीतून, 60 सेकंद'. म्हणजे आपली कल्पना समोरच्याला मिनिटभरात पटवायची. तिनं वहीत मोठ्या अक्षरात मथळा घातला: 'उद्वाहन भाषण'. माझ्या वडिलांनी तो वाचला आणि विचारलं, "कुणाच्या लग्नात बोलायचंय गं?" संस्कृतात उद्वाह म्हणजे विवाह, हे तिला कुठून माहीत असणार! पान फाडून टाकलं तिनं. शनिवारी स्पर्धा आहे. तिला तोंडात बसेल असा शब्द हवाय. सुचवा.

जुना मास्तर
मुलीचं काही चुकलेलं नाही. उद् अधिक वह्, वर वाहून नेणं. लग्नातला उद्वाहही त्याच धातूचा, नवरीला वाहून नेतात म्हणून. सरकारी मराठीत लिफ्टला उद्वाहनच म्हणतात. शब्द वापरला की रुळतो. सावरकरांनी 'महापौर' दिला तेव्हाही लोकांनी नाकं मुरडलीच होती, आज कुणाला तो खटकतो? 'उद्वाहन निवेदन' म्हणा आणि मुलीला ताठ मानेनं बोलू द्या.

पेवाचं तोंड
मास्तर, नमस्कार. तुमचा धातू बरोबर आहे, पण चित्र आपलं नाही. मोठा माणूस लिफ्टमध्ये गाठ पडला, मजला येईपर्यंत त्याला पटवायचं, ही त्या शब्दामागची कल्पना. ती उंच इमारतींच्या गावात जन्मणार. न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवेवरच्या एका दुकानात प्रवाशांसाठी लिफ्ट बसली 1857 मध्ये. मोल्सवर्थच्या मराठी कोशाची दुसरी आवृत्तीही 1857 चीच! म्हणजे आपले शब्द पोत्यानं गोळा होत होते, तेव्हा ती माणसं नुकती वर जायला लागली होती. आमच्या सांगलीजवळच्या हरिपुरात तर सगळा माल खाली जायचा, जमिनीतल्या पेवांत, म्हणजे साठवणीच्या खोल खड्ड्यांत. सांगलीत मोठा माणूस गाठायचा तर सौद्यात, मालाच्या लिलावात.

आणि सौद्यात काय दाखवतात? वानगी. पन्नास पोती हळद कुणी ओतून दाखवत नाही. टोकदार पोकळ नळी पोत्यात खुपसायची, ओंजळभर माल तळव्यावर घ्यायचा. घेणारा कांडी मोडून आतला रंग बघतो आणि तेवढ्यावर बोली लावतो. साठ सेकंदांचं बोलणं म्हणजे अख्ख्या धंद्यातली ओंजळभर. 'वानगी' म्हणा. दुसरा शब्द शोधूच नका.

अजिंक्यतारा
शब्द गोड आहे, पण नुसतं 'वानगी' कोण बोलतं हो? 'वानगीदाखल' एवढंच शिल्लक राहिलंय, तेही लेखात. आमच्या साताऱ्यात माझी आजी 'मासला' म्हणायची. कंदी पेढ्याच्या दुकानात चिमूटभर तोडून हातावर ठेवतात, तिला ती म्हणायची, "मासला दिला, आता घेतल्याशिवाय उठायचं नाही." आणि खरं सांगू? पोरं 'पिच'च म्हणतात. क्रिकेटमुळं तो शब्द घराघरात आहे. टेबल, पेन, मोबाइल घेतले तसा हाही घ्यावा. सोळा वर्षांच्या पोरीवर भाषेचा भार कशाला?

जुना मास्तर
क्रिकेटच्या पिचला आपण 'खेळपट्टी' केली आणि ती आज प्रत्येक समालोचक म्हणतो. मग इथंच कच का खायची? शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करून घेतला तो भार म्हणून नव्हे. शब्द आपला असला की माणूस व्यवहारात दबत नाही. मुलीसाठीच बोलतोय मी.

पेवाचं तोंड
मास्तर, त्याच न्यायानं वानगी घ्या. मला तर 'वर्ण'वरून 'वाण' आणि त्यावरून 'वानगी' असं वाटतं. रंग बघूनच माल ठरतो ना.

अजिंक्यतारा
मग 'ण' चा 'न' कसा झाला? संक्रांतीचं वाण वेगळं, बियाण्याचं वाण वेगळं. सगळं एका दोरीत ओवू नका.

नाट्यपंढरी
मी 'नांदी' सुचवेन, नाटकाच्या सुरुवातीची. विष्णुदास भाव्यांचं सीता स्वयंवर नाटक 1843 मध्ये याच गावात उभं राहिलं. सांगलीच्या मुलीनं नांदीच म्हणावी.

पेवाचं तोंड
नांदीत देवाकडं मागतात, प्रेक्षकाकडं नाही. पिचमध्ये समोरच्याकडंच काहीतरी मागायचं असतं. ते मागणं नसलं तर ती नुसती माहिती. तुमच्याकडचा शब्द घ्यायचाच तर सूत्रधाराची प्रस्तावना जवळची, पण ती साठ सेकंदांत संपवणारा सूत्रधार मी पाहिला नाही.

कागदपत्र
'मागणं' आलं म्हणून लिहितो. मुलगी अठराच्या आत आहे. 1872 च्या करार कायद्यानं अज्ञानाला करार करता येत नाही. ('अज्ञान' हा कायद्यातला शब्द, वयानं लहान एवढाच अर्थ. तिला वाईट वाटायला नको.) त्यामुळं शेवटी 'पाच लाख गुंतवा' असं मागू नये. 'या हंगामात तुमच्या एका शेडमध्ये यंत्र लावू द्या' असं मागावं. ते खरंही आहे आणि ऐकणाऱ्याला तिथल्या तिथं हो म्हणता येतं.

कृष्णाकाठची
कागदपत्र दादा, फार उपयोगाचं सांगितलंत. तिनं शेवट तसाच बदलला. काल रात्री घड्याळ लावून वाचून घेतलं तर 94 सेकंद झाले. सेन्सरचं नाव, कोणती तार कशाला जोडली, सगळं त्यात होतं. वडील म्हणाले, "तारा काढ, पाऊस ठेव." आता सुरुवात अशी आहे:

"चार किलो द्राक्षं वाळली की एक किलो बेदाणा होतो. पंधरा-वीस दिवस जाळीवर माल असतो. एका रात्री पाऊस येतो, हवा ओली होते, आणि सकाळी हिरवा बेदाणा काळा पडलेला असतो. माझ्या मामाचा पडला. मी केलेलं यंत्र त्याला रात्रीच उठवेल."

पुढं यंत्राचा खर्च आणि मग मागणं. एकूण 118 शब्द, घाई न करता 57 सेकंद. 'मामाचा पडला' म्हणताना ती दरवेळी थांबते. ते थांबणं मी काढू दिलेलं नाही. मथळ्याची जागा मात्र अजून कोरीच आहे.

बेदाणाशेड
ताई, मी तासगावकडचा. वानगीचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. आमच्याकडं सौद्यात बॉक्स फोडत्यात, मूठ भरून बघत्यात, आन् बघून झाला की माल खाली. पायाखाली बेदाणा तुडवला जातो. वर्षभर औषधं मारून, छाटण्या करून, रात्री जागून केलेला माल हाय तो. याला उधळण म्हणत्यात आमच्यात. त्यावरनं किती भांडणं झाली! तवा वानगी म्हटलं की तुमच्या डोळ्यापुढं तळहात येतो, माझ्या डोळ्यापुढं फरशी येती. पोरीच्या बोलण्याला ते नाव देऊ नका.

पेवाचं तोंड
दादा, तुमचं दुःख समजतं. पण ती वानगीची चूक नव्हे, घेणाऱ्याची आहे. हळदीची कांडी कुणी अशी फेकत नाही.

बेदाणाशेड
फेकत न्हाईत कारण कांडी तोंडात टाकून खाता येत न्हाई. बेदाणा येतो. तुम्ही हळदवाले, तुम्हाला ते कळायचं न्हाई.

अजिंक्यतारा
म्हणूनच म्हटलं, 'मासला' घ्या. पेढ्याचा तुकडा कुणी टाकत नाही.

जुना मास्तर
मासला हा शब्द फारसी-अरबीकडून आलेला वाटतो. पिच नको म्हणून मासला घ्यायचा असेल तर मूळ मुद्दाच सुटला.

अजिंक्यतारा
मास्तर, मग 'बाजार' सोडा, 'दुकान' सोडा, 'शेतकरी' तेवढा ठेवा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर विकायला काढला तेव्हा लोखंडानं जमीन नासते म्हणून शेतकरी हात लावेनात. किर्लोस्करवाडी 1910 ची, त्याच्याही आधीची ही गोष्ट. शेतकऱ्याला पटवायचं तर त्याच्याच भाषेत बोलावं लागतं, आणि त्या भाषेत फारसीही आहे, इंग्रजीही आहे.

जुना मास्तर
नांगराचा दाखला माझ्याच बाजूचा आहे. नांगर लोखंडाचा झाला, शब्द 'नांगर'च राहिला.

बेदाणाशेड
ताई, नावाचं तुम्ही ठरवा. माझ्या दोन शेड हायत, एकीवर मोबाइलची रेंज नीट लागत न्हाई. तिथं ते यंत्र चालंल का? फेब्रुवारीत माल टाकणार हाय.

कृष्णाकाठची
दादा, ती इथंच बसलीय. विचारतेय, रेंज अजिबात नसते की शेडच्या एका टोकाला तरी येते? आणि जाळीचे थर किती?

बेदाणाशेड
रस्त्याकडच्या टोकाला येती. थर अकरा.

पेवाचं तोंड
वानगीत 'न'च. आजोबांच्या वहीत तसंच आहे, उद्या पान बघून लिहितो.