मदत हवी आहे: बिल्डिंगची ड्रॉइंग्ज वाचायला कसं शिकावं?

बाणेरचा_बीकॉम (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी कॉमर्सवाला माणूस. हॉटेलच्या अ‍ॅडमिनमध्ये बारा वर्षं काढली आणि गेल्या दिवाळीपासून बाणेरला एका ऑफिस इमारतीचा प्रॉपर्टी मॅनेजर झालोय. दोन बेसमेंट, तळमजला, वर सात मजले. भाडेकरार, लिफ्टची एएमसी, पाण्याचे टँकर हे सगळं जमतं. घोडं अडतं ते नवा भाडेकरू आला की. त्याचा इंटिरियरवाला ड्रॉइंग्जचा गठ्ठा टेबलावर ठेवतो, "सर, फक्त एनओसी द्या" म्हणतो आणि मी गंभीर चेहरा करून पानं उलटत बसतो.

दोनदा तोंडावर पडलोय. एकदा ए३ प्रिंटवर पट्टी लावली. पॅसेज ९ मिमी भरला, कोपऱ्यात स्केल १:१००, म्हणजे ९०० मिमी. "एवढ्या बोळातून माणसं जाणार कशी?" म्हणून मीटिंगमध्ये आवाज चढवला. पॅसेज निघाला १.८ मीटरचा. सगळे हसले. का, ते कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

दुसरी चूक महागात पडली. चौथ्या मजल्यावरच्या पार्टिशनचं ड्रॉइंग बघून सही केली. जुलैच्या फॉर्म बीसाठी (आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचा सहामाही दाखला) फायरची एजन्सी आली तेव्हा कळलं की नव्या मीटिंग रूममध्ये एकही स्प्रिंकलर नाही, जो होता तो पार्टिशनच्या पलीकडे पॅसेजमध्ये राहिलाय. सीलिंग उघडून लाइन वाढवली. खर्च कुणाचा, हा वाद अजून चालू आहे.

आणि आता पहिल्या मजल्यावर रेस्टॉरंट येतंय. किचनच्या ड्रेनेजसाठी स्लॅबला ११० मिमीच्या पाइपची चार भोकं पाडायची आहेत. स्ट्रक्चरच्या शीटवर नेमक्या त्या जागेतून लांबच लांब रेघा गेल्यात, त्यांच्यावर ओळीने आकडे, बाजूला 'पीटी'. कोअर कटिंगवाला (मशीनने गोल भोकं पाडणारा) सोमवारी येतोय.

मला ड्रॉइंग काढायला शिकायचं नाहीये. सही करण्याआधी काय बघायचं, एवढंच हवंय. शिवाय महापालिकेचा मंजूर नकाशा आणि बिल्डरने दिलेला सेट जुळत नाहीत. त्यातलं खरं काय धरायचं?

स्लॅबवाली

आधी सोमवारचा माणूस थांबवा, बाकीचं नंतर वाचा.

पीटी म्हणजे पोस्ट-टेन्शन्ड स्लॅब. त्या रेघा म्हणजे काँक्रीटच्या आतल्या केबल, ज्या काँक्रीट धरल्यावर ताणून ठेवल्यात. रेघेवरचे आकडे म्हणजे त्या त्या जागी केबल स्लॅबच्या तळापासून किती मिमी वर आहे ते. कॉलमपाशी ती वर असते, दोन कॉलमच्या मधे खाली उतरते. साध्या स्लॅबमध्ये एखादी सळई तुटली तर वाईट, इथे केबल तुटली तर स्लॅबची ताकदच जाते आणि कापणाऱ्याच्या जिवावरही बेतू शकतं. ड्रॉइंग बघून "इथे नाहीये, मारा" म्हणू नका. केबल साइटवर थोडी इकडेतिकडे सरकलेली असते. रडारने स्कॅनिंग आणि स्ट्रक्चरल कन्सल्टंटचं लेखी पत्र, दोन्ही घ्या.

गिलावा

दादा, तुमच्यावर हसणाऱ्यांपैकी एकाने तरी सांगायला हवं होतं. मूळ शीट ए१ ची असते. ती ए३ वर छापली की प्रत्येक लांबी निम्मी होते, पण कोपऱ्यातलं १:१०० तसंच राहतं. तुमचा कागद खरं तर १:२०० चा होता. म्हणून लिहिलेलं माप वाचायचं, पट्टी लावायची नाही.

शीट हातात आली की आधी उजवीकडचा खालचा कोपरा बघा: नंबर, रिव्हिजन, तारीख. 'टेंडर' लिहिलेल्या शीटवर सही करू नका. जिथे ढगासारखी रेघ काढलीय तिथे या रिव्हिजनमध्ये बदल झालाय. प्लॅन म्हणजे मजला साधारण १.२ मीटर उंचीवर आडवा कापून वरून पाहिलेला, त्यामुळे डोक्यावरचा बीम तुटक रेघेत येतो. सीलिंगचा प्लॅन मात्र जमिनीवर आरसा ठेवून त्यात वर पाहावं तसा. तुमच्या स्प्रिंकलरचं उत्तर तिथेच होतं. पार्टिशनची शीट एकटी कधीच पास करू नका, तिच्यावर सीलिंगची धरा आणि प्रत्येक बंद खोलीत स्प्रिंकलर, डिटेक्टर आणि एसीचं तोंड आहे का ते बोटाने मोजा. कोर्सबिर्स राहू द्या हो. प्रिंट घेऊन बेसमेंटमध्ये फिरा.

सातबारा_उतारा

मंजूर नकाशा सांगतो परवानगी कशाची आहे. अ‍ॅज-बिल्ट, म्हणजे बांधून झाल्यावरच्या ड्रॉइंग्जचा सेट, सांगतो जागेवर काय आहे (निदान सांगायला हवं). जिना, पार्किंग, बाहेर पडायची वाट यांत फरक दिसला तर मंजूर नकाशा आणि भोगवटा पत्र काढा आणि मालकाला लेखी कळवा. पाइप कुठून गेलाय हे मंजूर नकाशाला विचारू नका.

बाणेरचा_बीकॉम

सर्वांचे आभार. कोअर कटिंग थांबवलं, भाडेकरू धुसफुसतोय.

काल आमच्या प्लंबरला घेऊन प्रिंटसकट बेसमेंटमध्ये दीड तास फिरलो. कॉलमवर ग्रिडची (प्लॅनवरच्या आडव्या-उभ्या ओळींची) अक्षरं रंगवलेली आहेत हे आठ महिन्यांत कधी लक्षातच आलं नव्हतं! एचनंतर एकदम जे आलं तेव्हा वाटलं शीट गहाळ आहे. सी-४ पाशी दाखवलेला व्हॉल्व्ह प्रत्यक्षात डी-४ ला निघाला, कुणाच्या तरी मोडक्या खुर्च्यांमागे.

गिलावा

आय हा १ या आकड्यासारखा दिसतो आणि ओ शून्यासारखा, म्हणून ती अक्षरं गाळतात. व्हॉल्व्हची जागा लाल पेनाने शीटवर दुरुस्त करा, तारीख टाका.

बाणेरचा_बीकॉम

केली. आता रेस्टॉरंटवाले म्हणतात भोकं नकोत, पाइप स्लॅबवरूनच फरशीखालून शाफ्टपर्यंत (उभ्या पाइपांच्या पोकळीपर्यंत) नेतो. शीटवर एसएसएल आणि एफएफएल असे दोन आकडे आहेत, फरक ७५ मिमी. याचा अर्थ काय?

स्लॅबवाली

एसएसएल म्हणजे स्लॅबचा वरचा पृष्ठभाग, एफएफएल म्हणजे तयार फरशीचा. मधल्या ७५ मध्ये मसाला आणि फरशी.

बाणेरचा_बीकॉम

म्हणजे ७५ मध्ये ११० चा पाइप, वर पुन्हा उतार. सोमवारी त्यांनाच विचारतो.